गाडगीळांनंतर विखे

कंपन्यांच्या मालकांना पुढचा माणूस घडवायला मदत करणं, हे माझं काम. या कामात मन पुन्हापुन्हा लोणी गावाकडे जातं. १९५० च्या अखेरीस तिथल्या प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्यात गाळप सुरू झालं. अध्यक्ष होते पुण्याच्या गोखले संस्थेचे संचालक धनंजयराव गाडगीळ, तर उपाध्यक्ष होते विठ्ठलराव विखे पाटील. भागभांडवलासाठी गावोगाव फिरले विखे, शाळा जेमतेम शिकलेले. पण अध्यक्षपदी त्यांनी अर्थशास्त्रज्ञाला बसवलं! सुमारे दशकभरानं ते पद विखेंकडे आलं. इतकी वर्षं शेजारी बसून दोघंही एकमेकांकडून शिकले असणार, याबद्दल मला शंका नाही. आजचे मालक मात्र वारस चार महिन्यांत तयार करून मागतात. मी त्यांना आधी मुलाला सहीचा अधिकार द्यायला सांगते. जे देतात, त्यांच्याकडे पुढची बैठक मुलासोबतच घेते.