जलजिऱ्यातली व्होडका

आमची दहावीची १९९४ची तुकडी. तीस वर्षं झाली म्हणून २०२४च्या डिसेंबरमध्ये गेट-टुगेदर ठरलं. वाईजवळ, धोम धरणाच्या बाजूला एक फार्महाऊस घेतलं. आम्ही पुणेकरांनी मिळून टेम्पो ट्रॅव्हलर केली. काही जण साताऱ्याहून, कोल्हापूरहून आपापल्या गाड्यांनी आले. दोघा-तिघांनी मुलंही आणली होती. पिणाऱ्यांचं टेबल वेगळं, न पिणाऱ्यांचं वेगळं, हे व्हॉट्सॲप ग्रुपवर आधीच ठरलं होतं. त्यामुळे मी निर्धास्त होते.

मी दारू पीत नाही. त्यात तत्त्व वगैरे काही नाही, मला ती आवडत नाही एवढंच. शिवाय मधुमेह आहे. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड एकत्र असलेली गोळी जेवणाआधी घेते. हे इथेच सांगते, कारण पुढचं सगळं या गोळीभोवती फिरतं.

आमच्या टेबलावर स्ट्रॉबेरी क्रश, कोल्ड्रिंकच्या बाटल्या आणि नळ लावलेल्या मोठ्या काचेच्या बरणीत जलजिरा होता. गोड मला चालत नाही, म्हणून मी जलजिराच घेत होते. ‘जेवण लागतंय’ अशी हाक आली तशी मी गोळी घेतली. आपल्याकडे जेवण लागतंय म्हटल्यावर ते खरंच कधी लागतं, हे वेगळं सांगायला नको. अंताक्षरी रंगली, मग कोणीतरी गाणी लावली, नाच सुरू झाला. नाचून घसा कोरडा पडला की पुन्हा जलजिरा. जरा कडवट लागत होता. पण काळं मीठ, जिरं, पुदिना आणि आमचूर एकत्र असल्यावर कडवटपणाची शंका कोण घेतं?

थोड्या वेळाने पाय जड झाले. बाहेर स्वेटर घालावा अशी थंडी, आणि माझी पाठ घामाने भिजलेली. मी खुर्चीत बसले. काहीतरी बोलायला गेले तर जीभ वळेना. कोणीतरी हसून म्हणालं, “काय गं, न पिताच चढली तुला?” सगळे हसले. मीही हसले असेन. यानंतरचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. मधलं सगळं माझ्या मैत्रिणीने सांगितलं तसं लिहिते.

ही मैत्रीण शाळेत माझ्या बाकावर बसायची. तिची आई वर्षानुवर्षं इन्शुलिनवर होती. तिने माझा हात धरला तर तो गार आणि घामेजलेला. मी तिच्याकडे बघत होते, पण तिला नावाने हाक मारू शकत नव्हते. आजूबाजूला सल्ल्यांना तोटा नव्हता. लिंबू पिळून पाजा, उतरेल. कडक कॉफी द्या. तोंडात बोट घालून उलटी काढा. आणि सगळ्यात वाईट सल्ला म्हणजे, “झोपू दे तिला आत, सकाळी ठीक होईल.” मला तेव्हा आतल्या खोलीत नेऊन दार लावून घेतलं असतं, तर काय झालं असतं याचा विचार मी अजूनही टाळते.

मैत्रिणीने माझ्या पर्समधून ग्लुकोमीटर काढला. रीडिंग आलं ४४. सत्तरच्या खाली साखर कमी समजतात, आणि चोपन्नच्या खाली गेली तर गंभीर. तेव्हा मी घोट गिळू शकत होते. म्हणून तिने तीन चमचे साखर पाण्यात ढवळून थोडी थोडी पाजली. पण लगेच उलटी झाली आणि माझी मान लवंडली. त्यानंतर तिने माझ्या तोंडात काहीही घालू दिलं नाही. अर्धवट शुद्धीतल्या माणसाला पाणी पाजलं तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. तिने मला कुशीवर वळवलं आणि श्वास नीट चालू आहे ना, हे बघत बसली. एकाला रुग्णवाहिकेसाठी १०८ला फोन लावायला सांगितलं.

त्याच वेळी आतून आणखी एक हाक आली. एका वर्गमित्राचा बारा वर्षांचा मुलगा ओकत होता. त्याला उभं राहता येईना. तोही संध्याकाळपासून जलजिराच पीत होता. तेव्हा मैत्रिणीच्या डोक्यात प्रकाश पडला. तिने बरणीचा नळ उघडून एक घोट घेतला आणि सगळ्यांसमोर विचारलं, “यात काय घातलंय?”

कोणी बोलेना. मग एक जण पुढे आला. “अगं, थोडीशीच व्होडका आहे. सगळे जरा मोकळे व्हावेत म्हणून.” त्याने एका लग्नात पाणीपुरीच्या पाण्यात व्होडका घालून देताना पाहिलं होतं. तिथे निदान समोर पाटी होती आणि घेणारा मागून घेत होता. इथे मुलांनाही त्याच बरणीतून प्यायला दिलं गेलं. आणखी दोघांना ही ‘गंमत’ आधीपासून माहीत होती, हे नंतर कळलं.

एका मित्राने घाईघाईने बरणी उचलली, बेसिनमध्ये ओतायला. मैत्रिणीने ती हातातून घेतली. उरलेला जलजिरा पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरला, झाकण घट्ट लावलं आणि आपल्या पिशवीत ठेवला. माझा ग्लासही तिने न विसळता कागदात गुंडाळून घेतला.

रुग्णवाहिकेची वाट न बघता निघायचं ठरलं, पण गाडी कोण चालवणार? ज्यांच्या गाड्या होत्या ते सगळे प्यायलेले. शेवटी ट्रॅव्हलरच्या ड्रायव्हरकाकांना उठवलं. ते जेवून गाडीतच झोपले होते. त्यांनी मला, त्या मुलाला आणि त्याच्या आईला वाईच्या एका खासगी रुग्णालयात पोहोचवलं. एवढ्या मोठ्या कार्यक्रमात पूर्ण शुद्धीवर असलेला आणि गाडी चालवू शकणारा तो एकच माणूस होता. कार्यक्रमात अशी एक तरी व्यक्ती असेल, हे आम्ही कुणी ठरवलंच नव्हतं.

रुग्णालयात मैत्रिणीने दारात पाय ठेवताच सगळं सरळ सांगितलं. मला मधुमेह आहे, गोळी कुठली, ती किती वाजता घेतली, पोटात अन्न नाही, आणि हिला न सांगता दारू पाजली गेली आहे. डॉक्टर नंतर म्हणाले की यामुळे त्यांचा वेळ वाचला. त्यांनी शिरेतून ग्लुकोज सुरू केलं. मला शुद्ध आली तेव्हा उशाशी मैत्रीण होती आणि तोंडाला आंबूस वास येत होता. मला कमालीची लाज वाटली. का वाटली, ते मला आजही नीट सांगता येत नाही. मी काहीच केलं नव्हतं.

डॉक्टरांनी सकाळी समजावून सांगितलं. पोट रिकामं असलं की यकृत रक्तात साखर सोडत राहतं. दारू पोटात गेली की ते काम मंदावतं. त्यात माझी गोळी शरीराला जास्त इन्शुलिन सोडायला लावते. दोन्ही बाजूंनी साखर खाली ओढली गेली. या गोळीचा असर बराच वेळ टिकतो, म्हणून एकदा साखर वर आली तरी ती पुन्हा घसरू शकते. रात्री ती खरंच पुन्हा घसरली. म्हणून त्यांनी मला दुसऱ्या दिवशीही ठेवून घेतलं. मुलगा संध्याकाळपर्यंत बरा झाला. लहान मुलांचीही साखर दारूने अशीच उतरू शकते, म्हणून तीही ते तपासत होते.

डॉक्टर आणखी एक गोष्ट म्हणाले, ती मला फार महत्त्वाची वाटली. घाम, अडखळणारं बोलणं, झोकांड्या ही साखर उतरल्याची लक्षणं आणि दारू चढल्याची लक्षणं बाहेरून जवळपास सारखीच दिसतात. त्यामुळे पार्टीत कोणी असं दिसलं की लोक ‘चढली’ म्हणून मोकळे होतात.

आल्या आल्याच त्यांनी रक्त आणि लघवीचे नमुने घेतले होते. नुसती दारूच होती की आणखी काही, हे त्यांना त्या वेळी माहीत नव्हतं. रक्तातली दारू तासागणिक कमी होत जाते. जीएचबी नावाचं गुंगीचं द्रव्य पेयात चोरून घालायला वापरतात, ते लघवीतूनही साधारण बारा तासांत नाहीसं होतं. अल्प्राझोलम, लोराझेपाम अशा झोपेच्या गोळ्यांचा अंश जास्त दिवस सापडू शकतो. म्हणजे सकाळी बघू, असं म्हटलं की पुरावा गेला. शंका आली तर पहिली लघवीसुद्धा वाया घालवू नये, स्वच्छ बाटलीत धरून न्यावी, असं त्यांनी सांगितलं.

विषबाधेचा किंवा फसवून काही पाजल्याचा संशय असला की रुग्णालय एमएलसी (मेडिको-लीगल केस) नोंदवतं आणि पोलिसांना कळवतं. त्यामुळे पोलिस येणार का, हा प्रश्न माझ्या हातात नव्हताच. जबाब द्यायचा की ‘माहीत नाही’ म्हणायचं, एवढं हातात होतं.

फोन सुरू झाले. “चेष्टेत झालं गं.” “त्याच्या नोकरीचा प्रश्न आहे.” “तीस वर्षांनी भेटलो, त्याचा असा शेवट करायचा का?” माझ्या यजमानांचा फोन आला तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, “तू थोडी घेतली होतीस का?” नंतर त्यांनी माफी मागितली, पण तो प्रश्न मला लागला. सासूबाईंना मी आठवडाभर फक्त साखर उतरली होती एवढंच सांगितलं. रक्तात दारू सापडली हे त्यांच्यापुढे उच्चारायचा धीर झाला नाही.

जबाब द्यायचं मी ठरवलं ते त्या मुलाकडे बघून. त्याच्या आईने आधी दिला, मग मी. पोलिसांनी बाटली आणि ग्लास पंचनामा करून ताब्यात घेतला. भारतीय न्याय संहितेच्या कलम १२३ नुसार, इजा होईल हे माहीत असताना एखाद्याला विष किंवा मादक, गुंगी आणणारा, अपायकारक पदार्थ पाजणं हा गुन्हा आहे. दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आधी हेच भारतीय दंड संहितेत कलम ३२८ होतं. मुलाला दारू पाजणं हा बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ खाली वेगळा गुन्हा आहे. त्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. पुण्याला परतून मी तिथल्या ठाण्यात तक्रार दिली असती, तरी ती घेऊन वाईकडे पाठवणं त्यांना भाग होतं. प्रकरण अजून चालू आहे, म्हणून इथे कुणाचं नाव लिहीत नाही. आमचा ग्रुप फुटला. त्याचं वाईट वाटतं, पण पश्चात्ताप नाही.

माझी भाची पुण्यात हॉस्टेलवर राहते. हे ऐकल्यावर तिने मला ऑनलाइन मिळणाऱ्या चाचणीच्या पट्ट्या दाखवल्या. पेयात औषध मिसळलेलं असेल, तर त्याचा थेंब टाकल्यावर पट्टीचा रंग बदलतो. त्या काही ठरावीक औषधंच ओळखतात. पेयात चोरून जास्तीची दारू घातली तर त्या सांगत नाहीत, आणि पार्ट्यांमध्ये बहुतेक वेळा घातली जाते ती दारूच. म्हणून पट्टीवर विसंबू नकोस, असं मी तिला सांगितलं. ती आणि तिच्या मैत्रिणी आता एकत्र जातात आणि एकत्रच परततात. बाटली आपल्यासमोर उघडून घेतात. ग्लास ठेवून नाचायला गेलं तर परत आल्यावर तो ओतून टाकतात, शंभर-दोनशे रुपये गेले तरी चालतील. एकीचा तोल नेहमीपेक्षा लवकर गेला, तर दुसरी तिला सोडत नाही, आणि ओळखीचा मुलगा ‘मी सोडतो घरी’ म्हणाला तरी एकटी पाठवत नाही.

हे सगळं करावंच. पण माझ्या बाबतीत यातलं किती उपयोगी पडलं असतं? मी ग्लास एकदाही खाली ठेवला नव्हता. दारू बरणीतच होती. रेल्वेत अनोळखी माणसाकडून काही खाऊ-पिऊ नका अशी घोषणा ऐकत आपण मोठे झालो. इथे पाजणारा पहिलीपासून ओळखीचा होता. त्यामुळे खरी जबाबदारी कार्यक्रम करणाऱ्यांची आहे, असं माझं मत झालं आहे. यंदा पुतणीच्या संगीताला आम्ही न पिणाऱ्यांसाठी उघडी बरणी ठेवलीच नाही. बंद छोट्या बाटल्या ठेवल्या. जलजिरा हवाच होता, तर तो करून देणारा माणूस टेबलामागे शेवटपर्यंत उभा होता. कुणाला मधुमेह आहे, कुणाला फिट येतात, कोण झोपेच्या गोळ्या घेतं, हे घरातल्या दोघींना माहीत होतं. जेवण खरंच साडेआठला वाढलं. आणि दोन जणांनी त्या रात्री गाडीसाठी शुद्धीत राहायचं कबूल केलं होतं. काहींना हे अति वाटलं. वाटू दे.

तुमच्या ग्रुपवर कुणी ‘अमकीच्या सरबतात थोडी टाकू, मजा येईल’ असं लिहिलं, तर हसण्याचा इमोजी टाकून पुढे जाऊ नका. तिथल्या तिथे नाही म्हणा, आणि ज्यांच्या ग्लासात ती जाणार आहे त्यांना त्याच दिवशी फोन करून सांगा.