मालकी आमची, किल्ली कुणाची?

जयंतीच्या आठवड्यात आमच्या विहारासमोरचा फलक रात्रीतून कुणीतरी फाडला. सकाळी पोलीस पाटील आले, मागून ठाण्यातले जमादार आले. पहिलाच प्रश्न, "कॅमेरा आहे ना? रात्रीचं दाखवा."

आम्ही मोबाईल पुढे केला. त्यावर आत्ताचं अंगण स्वच्छ दिसत होतं. जमलेली माणसं, फाटका फलक, खुद्द जमादारसाहेब. रात्रीचं उघडायला गेलो तर पडद्यावर सूचना आली की रेकॉर्डिंगसाठी योजना विकत घ्या.

हा कॅमेरा आम्ही वर्गणीतून घेतला होता. घरटी पन्नास रुपये. तेंदूपत्त्याचे पैसे हाती यायचे होते, तरी आयाबायांनी दिले. पहिला महिना कॅमेऱ्याने सगळं टिपलं. तो महिना फुकटाचा होता हे आम्हाला नंतर कळलं. मुदत संपली आणि रेकॉर्डिंग बंद झालं. आम्ही म्हटलं, आत मेमरी कार्ड आहे, ते तर आमचंच आहे. दुकानदार म्हणाला, "कार्डावर साठवायची सोयसुद्धा योजनेतच येते, भाऊ."

म्हणजे भिंग आमचं, कार्ड आमचं, वीज आमची, इंटरनेटही आमचंच. बिघाड तर कुठेच नव्हता. फक्त कुठेतरी दूर बसून कुणीतरी कुलूप लावलं होतं.

मित्रांनो, हा एका दुकानदाराचा किंवा एका कंपनीचा किस्सा नाही. आता ही धंद्याची रीतच झाली आहे. २०१७ साली अमेरिकेत फ्लोरिडावर इर्मा चक्रीवादळ आलं, तेव्हा टेस्ला कंपनीने काही गाड्यांची धाव दूरूनच वाढवून दिली, लोकांना पळून जाता यावं म्हणून. वाढवली कशी? बॅटरी आधीपासूनच मोठी बसवलेली होती, पण कमी पैसे भरलेल्यांसाठी तिचा काही भाग सॉफ्टवेअरने बंद ठेवला होता. संकट सरल्यावर तो पुन्हा बंद झाला. २०२२ मध्ये बीएमडब्ल्यूने काही देशांत गाडीत आधीच बसवलेलं सीट गरम करण्याचं यंत्र मासिक भाड्याने चालू करून द्यायला सुरुवात केली. लोक भडकले आणि पुढच्याच वर्षी कंपनीला माघार घ्यावी लागली.

कंपन्यांचंही एक म्हणणं आहे. ज्याला सोय नको त्याला वस्तू स्वस्तात मिळते, असं ते म्हणतात. यात थोडं तथ्य आहे. आमचं रेकॉर्डिंग कंपनीने तिच्या यंत्रावर साठवलं, तर त्याचा खर्च तिला दर महिन्याला येतो आणि तो तिने मागितला तर आमची तक्रार नाही. पण आमच्या कार्डावर आमच्या विजेने साठवायला तिचा कोणता खर्च होतो? तिथे सेवा विकली जात नाही, परवानगी विकली जाते. हा फरक आपण नीट ओळखला पाहिजे.

आणि परवानगी विकण्याचा, अडवण्याचा हा खेळ आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीला नवा नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज ठरवलं आणि त्यावर गावाचा मालकी हक्क लिहून दिला. पण १९२७ च्या जुन्या वन कायद्यात बांबू हे 'झाड' होतं. वनखातं त्यालाच धरून बसलं आणि वाहतूक परवाना देईना. बांबू गावाचा, तोडायला हात गावाचे, पण टीपीशिवाय गाडी नाक्यापुढे जाणार नाही. तिकडे बल्लारपूरच्या कागद गिरणीला मात्र सरकार वर्षानुवर्षे बांबू देत आलं होतं. २७ एप्रिल २०११ ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश मेंढ्यात आले आणि परवान्याचं पुस्तकच ग्रामसभेच्या हाती दिलं. कुलूप उघडलं ते त्या दिवशी. मेंढ्याने परवान्याची फी कमी करा असं म्हटलं नव्हतं. पुस्तक आमच्याकडे द्या, असं म्हटलं होतं. गोंड आदिवासी गावाने शिकवलेला हा धडा आपल्या चळवळीने गिरवावा असा आहे.

आपल्याला तर तो महाडपासून ठाऊक असायला हवा. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले, असा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ मध्ये झाला. महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये चवदार तळं खुलं केलं. कागदावर हक्क होता. तरी २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारोंसह जाऊन पाणी प्यावं लागलं, आणि न्यायालयातली लढाई १९३७ पर्यंत चालली. कॅमेऱ्याचं कुलूप आणि अस्पृश्यता एकच, असं आम्ही मुळीच म्हणत नाही. तशी तुलना त्या माणसांचा अपमान ठरेल. पण कागदावरचा हक्क आणि हातातला हक्क यांत अंतर असतं, आणि ते अंतर राखण्यात कुणाचा तरी फायदा असतो, एवढं महाडने आपल्याला कायमचं शिकवलं आहे.

त्या रात्री फलक कुणी फाडला हे आजही आम्हाला माहीत नाही. पुरावा नव्हता म्हणून संशयाला पाय फुटले. आमच्या पोरांनी शेजारच्या वस्तीकडे बोट दाखवलं, त्यांनी आमच्याकडे. दोन महिने पानठेल्यावर कुणी कुणाशी धड बोललं नाही. योजनेचे पैसे वाचले की गेले, हा हिशेब आम्हाला तेव्हा फार लहान वाटला.

म्हणून सांगतो. विहारासाठी, अभ्यासिकेसाठी, बचत गटासाठी काहीही विकत घेताना किंमत विचारून थांबू नका. आणखी तीन प्रश्न विचारा. इंटरनेट बंद पडलं तर हे चालेल का? पुढे पैसे भरले नाहीत तर यातलं काय काय बंद होईल? बिघडलं तर आपल्या तालुक्यातला मिस्त्री ते उघडू शकेल का? उत्तर गोलमाल आलं तर वस्तू परत ठेवा. आणि जिथे फसवणूक झाली तिथे एकेकट्याने चरफडू नका, बिल जपून ठेवा आणि ग्राहक आयोगाकडे जा.

आम्ही पुन्हा वर्गणी काढली. या वेळी तारेचे दोन साधे कॅमेरे आणि डिस्कवाला रेकॉर्डर घेतला. तो विहाराच्या कपाटात असतो. कपाटाची किल्ली महिला मंडळाकडे आहे.

जय भीम!