एक कविता मी थांबवून ठेवली होती

ही कबुली आहे, थोडी उशिराची.

2025चा मे महिना. टीव्हीवर दिवसरात्र भोंगे वाजत होते. आमच्या तालुक्याच्या साप्ताहिकात कवितेचं पान मी बघतो. तिथं एक निवृत्त सुभेदार कविता घेऊन आले. वहीचं फाडलेलं पान, निळी शाई. कवितेत शत्रूला एकही शिवी नव्हती. राग होता तो स्टुडिओत बसून लढाई मागणाऱ्यांवर. मी म्हटलं, "सुभेदारसाहेब, जरा वातावरण निवळू द्या, मग बघू." "बरं, बघा," म्हणाले आणि चहा न घेताच गेले.

वातावरण निवळलं. मी काही बघितलं नाही.

परवा पुण्यात ससूनला एका नातेवाइकाला भेटायला गेलो, तेव्हा ती कविता टोचायला लागली. ज्या डेव्हिड ससून यांच्या देणगीतून ते रुग्णालय उभं राहिलं, त्यांचा पणतू सिगफ्रिड ससून. पहिल्या महायुद्धातला ब्रिटिश अधिकारी, शौर्यासाठी मिलिटरी क्रॉस मिळालेला. 1917च्या जुलैत त्यानं जाहीर निवेदन काढलं, की हे युद्ध मुद्दाम लांबवलं जातंय, मी आता यात भाग घेणार नाही. ते 'ब्रॅडफर्ड पायोनियर' या कामगार चळवळीच्या छोट्या साप्ताहिकानं छापलं, मग पार्लमेंटात वाचलं गेलं. सरकारनं कोर्ट मार्शल टाळलं आणि त्याला मनोरुग्ण सैनिकांच्या इस्पितळात धाडलं. म्हणजे विरोध करणारा वेडाच असणार! (ही युक्ती अजून जुनी झालेली नाही.)

त्याच्या कित्येक युद्धविरोधी कविता पहिल्यांदा छापल्या त्या 'केंब्रिज मॅगझिन'नं. एका साध्याभोळ्या पोरगेल्या शिपायानं खंदकात स्वतःला गोळी घालून घेतली, ही कविता त्यातलीच, 1918च्या फेब्रुवारीतली. शेवटी कवी टाळ्या पिटणाऱ्या गर्दीलाच सुनावतो. आज ती कविता शाळेत शिकवतात. छापली तेव्हा युद्ध चालू होतं, आणि घराघरातली पोरं तिकडं होती.

या साप्ताहिकाचा संपादक सी. के. ऑग्डेन. तो दर आठवड्याला परदेशी वर्तमानपत्रांतले उतारे भाषांतर करून छापायचा, शत्रुदेशातलेसुद्धा. त्यामुळे जर्मनधार्जिणा ही शिवी ठरलेली. 11 नोव्हेंबर 1918ला युद्ध संपलं. त्या दिवशी आनंदानं बेभान झालेल्या विद्यार्थ्यांनी त्याचं दुकान फोडलं. युद्ध संपल्यावर! आठवडाभर आधी, 4 नोव्हेंबरला, ससूनचा इस्पितळातला कविमित्र विल्फ्रेड ओवेन आघाडीवर मारला गेला होता.

कवीचं नाव राहतं. छापणाऱ्याच्या फुटलेल्या काचा कुणाला आठवतात? माझी तर काचसुद्धा फुटणार नव्हती. फार तर दोन जाहिराती गेल्या असत्या, चार जणांनी ग्रुपवर ऐकवलं असतं. तेवढ्यालाच मी घाबरलो. आणि घाबरलो कुणासमोर, तर ज्यानं आयुष्याची चोवीस वर्षं सीमेवर काढली त्या माणसासमोर.

काल फोन केला. विचारलं, "कविता दुसरीकडं कुठं दिलीत का?"

"नाही. तुम्ही बघतो म्हणाला होतात ना."

या गुरुवारच्या अंकात येतेय, पान 3वर. एका जाहिरातदाराला आधीच सांगितलं. त्यानं जाहिरात काढून घेतली. दुसऱ्यानं अजून फोन उचललेला नाही.