डेलॉस : बिनजकातीचे बंदर आणि घुबडाचे नाणे

एजियन समुद्रातील मिकोनॉस बेटावरून बोटीने सुमारे अर्ध्या तासात डेलॉस येते. बेट जेमतेम साडेतीन चौरस किलोमीटरचे. सावली दुर्मीळ, वारा अखंड. प्रवाशाला येथे रात्रीच्या मुक्कामाची परवानगी नाही. अपोलो देवाच्या या जन्मभूमीत इ.स.पू. ४२६ पासून जन्म आणि मरण दोन्ही वर्ज्य होते. आसन्नमरण माणसाला शेजारच्या रेनिया बेटावर हलवीत. अशा स्थळी ग्रीक जगातील मोठी बाजारपेठ उभी राहिली, हे नवलच.

तिचा उदय मात्र रोमच्या एका निर्णयाने झाला. मॅसिडोनियाच्या युद्धात ऱ्होड्सने मध्यस्थीची भाषा केली, ती रोमला रुचली नाही. इ.स.पू. १६७-१६६ च्या सुमारास रोमने डेलॉस अथेन्सच्या हवाली केले आणि तेथील बंदर जकातमुक्त केले. पॉलिबियसच्या नोंदीनुसार ऱ्होड्सचे बंदराचे उत्पन्न दहा लाख द्राख्मांवरून दीड लाखावर आले. सैन्य न पाठविता एका व्यापारी नगराचे कंबरडे मोडले गेले. मूळच्या डेलॉसवासीयांनाही घरदार सोडावे लागले. जकातमाफीच्या कौतुकात त्यांची आठवण सहसा निघत नाही.

आज धक्क्यावरून वर चालू लागले की इटालियन व्यापाऱ्यांचा प्रशस्त चौक लागतो. त्याच्या बांधकामाला देणगी देणाऱ्यांत अस्कालोनहून आलेला फिलोस्ट्रॅटोस हा पेढीवाला होता. बैरूतच्या व्यापाऱ्यांची स्वतंत्र वास्तूही जवळच आहे. देवालयाची सावकारी त्याहून जुनी. अपोलोच्या भांडारातून दहा टक्के व्याजाने कर्जे दिली जात आणि चांदीच्या भांड्यांची यादी दगडावर कोरून ठेवीत. हिशेब असा उघड्यावर मांडण्याची रीत वाखाणण्यासारखीच.

या पेठेत चालणारे मुख्य चलन अथेन्सचे होते. चार द्राख्मांचे हे रुपेरी नाणे सुमारे दीड तोळ्याचे. एका बाजूस अथीना देवी, दुसरीवर घटावर बसलेले घुबड व भोवती ऑलिव्हची माळ. अधिकाऱ्यांची नावे आणि घटावर महिन्याचे अक्षर. खोट निघाली तर जाब विचारण्याची ही सोय असावी. इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस डेल्फीच्या धर्मसंघाने ठराव केला की, हे नाणे सर्व ग्रीकांनी चार द्राख्मांनाच घ्यावे, बट्टा लावू नये. न जुमानणाऱ्या गुलामास फटके, स्वतंत्र माणसास दंड. असा ठराव करावा लागला, यावरून सराफ बट्टा कापतच असणार!

याच धक्क्यावर माणसेही विकली जात. दिवसाला दहा हजार गुलाम येथे येऊन विकले जाऊ शकत, असे स्ट्रॅबो लिहितो. आकडा फुगवलेला असेल. पण त्या चौकातील संगमरवराचा काही खर्च अशा कमाईतून निघाला असणे अशक्य नाही. शुद्ध चांदीच्या नाण्यामागचा व्यवहार शुद्ध असतोच असे नाही.

इ.स.पू. ८८ मध्ये पाँटसचा राजा मिथ्रिडेटीस याच्या सैन्याने बेट लुटले. अॅपियन वीस हजार बळी सांगतो, त्यांत बहुसंख्य इटालियन. इ.स.पू. ६९ मध्ये चाचांनी उरलेसुरले नेले. दरम्यान मिथ्रिडेटीसची बाजू घेणारे अथेन्स इ.स.पू. ८६ मध्ये रोमन सेनापती सुल्लाने जिंकले होते. त्याने पाडलेल्या नाण्यांवर तीच अथीना, तेच घुबड, तोच घट; फक्त अधिकाऱ्यांच्या नावांच्या जागी दोन विजयस्तंभ आले. पुढे अथेन्सची टांकसाळ पुन्हा चालू झाली, पण त्या शतकाच्या मध्यानंतर घुबडाचे रुपेरी नाणे बंद पडले आणि बाजारात रोमचा दिनार चालू लागला.