तोरणा ते राजगड : पाठपिशवींत काय असावें?

तोरण्याहून राजगडाकडे डोंगराच्या धारेवरून चालत जाण्याची हौस अलीकडे पुष्कळ घरांतील मुलामुलींस लागलेली दिसते. आम्हांसही ती होती व आहे. सन १६६५ च्या पुरंदरच्या तहानें तेवीस किल्ले मोगलांकडे गेले, तरी हे दोन किल्ले शिवछत्रपतींनीं आपल्याकडेच राखले. त्या दोहोंना जोडणारी वाट एकदां पायांखालीं घालावी असें कोणास न वाटेल? परंतु निघण्याच्या आदल्या रात्रीं माजघरांत जो पसारा पडतो, तो पाहिला कीं, गडाआधीं ही पाठपिशवीच नीट समजून घेतली पाहिजे असें आम्हांस वाटूं लागतें.

वेल्ह्याहून बिनी दरवाजानें तोरण्यावर यावें, मेंगाई देवीचें दर्शन घ्यावें आणि बुधला माचीच्या बाजूनें धारेवर उतरावें. तेथून राजगडाच्या संजीवनी माचीवरील आळू दरवाजापर्यंत सहा-सात तासांची चाल आहे. मध्यें एका खिंडींत मोटारीचा रस्ता आडवा येतो, तेवढाच काय तो माणसांचा शेजार. उन्हाळ्यांत धारेवर सावली विरळ, आणि राजगडाच्या पद्मावती माचीवरील टांक्यांपर्यंत पाण्याचा भरंवसा धरतां येत नाहीं.

म्हणून पिशवी भरतांना आरंभ पाण्यापासून करावा. माणशीं तीन लिटर; ऊन तापलें असेल तर चार. एक लिटर पाण्याचें वजन एक किलो भरतें, त्यामुळें पिशवी जड झाली कीं पहिली कात्री नेमकी पाण्यावर चालते, आणि चकल्यांचा डबा, जादा कपडे, जाडजूड पुस्तक हीं मात्र आंत सुखरूप राहतात. हा उफराटा न्याय होय. चकलीवांचून कोणी मूर्च्छित पडल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. उष्माघातानें मात्र धडधाकट तरुणही कोसळतो. पाण्याबरोबर मीठ-साखर हवीच. एक लिटर पाण्यास चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ, हें जलसंजीवनीचें प्रमाण. त्याच्या पुड्या घरींच बांधून प्रत्येकीवर ‘एक लिटरसाठीं’ असें लिहून ठेवावें.

शिदोरीविषयीं घरांतील वडील बायकांना शिकविण्याइतके आम्ही धीट नाहीं. दुधांत भिजविलेल्या पिठाची दशमी दुसऱ्या दिवशींही मऊ राहते, हें त्यांना आमच्याहून आधीं ठाऊक आहे. विनंती एवढीच कीं, जड डब्यांऐवजीं ती स्वच्छ फडक्यांत बांधून द्यावी.

भरण्याचीही एक रीत आहे. पांघरूण तळाशीं, पाणी व शिधा पाठीला लागून, खांद्यांच्या फऱ्यांमध्यें, हलकें सामान बाहेरच्या अंगास. जड वस्तु पाठीपासून दूर गेली कीं पिशवी मागें ओढते, आणि बुधल्याखालच्या उतारावर असला झोंक परवडण्याजोगा नाहीं. कमरेचा पट्टा आवळला म्हणजे भार खांद्यांवरून कमरेच्या हाडांवर उतरतो. तो पट्टा शोभेकरितां नसतो. सारें सामान आंतून एका मोठ्या प्लॅस्टिकच्या पिशवींत घालावें. भिजलेलें सुती कापड अंगाची ऊब हिरावून घेतें, म्हणून एक लोंकरी बंडी तरी कोरडी राहिलीच पाहिजे.

औषधांत चिकटपट्टी, बँडेज व ज्याचीं त्याचीं नेहमींचीं औषधें पुरेत. सर्पदंशासाठीं म्हणून पातें व दोरी घेऊंच नये. जखम कापणें, चोखणें, वर घट्ट आवळून बांधणें यांनीं अपायच होतो. दंश झालेला अवयव हालूं न देतां रुग्णास शक्य तितक्या लवकर रुग्णालयांत नेणें हाच उपाय. प्रतिविष तेथेंच मिळावयाचें.

आणखी एक गोष्ट एकत्र कुटुंबांत वाढलेल्यांना पटावयास कठीण जाते. घरीं सारें सामाईक असतें, म्हणून पांच जणांत एक विजेरी, एक शिटी, आणि पाणी सगळें थोरल्याच्या पाठीवर, अशी वाटणी मोठ्या प्रेमानें केली जाते. धुकें उतरलें कीं वीस पावलांवरचा थोरला दिसेनासा होतो, आणि मागें राहिलेल्या धाकटीजवळ उरतो तो चकल्यांचा डबा! पाणी, विजेरी, शिटी आणि मीठ-साखरेची पुडी या चार वस्तु ज्याच्या त्याच्या पाठीवरच असाव्या. शिटीचा संकेतही सर्वांस पाठ हवा. आल्प्स पर्वतांत रूढ झालेली खूण अशी कीं, संकटांत सांपडलेल्यानें एका मिनिटांत सहा वेळां शिटी वाजवावी, मिनिटभर थांबावें, पुन्हां सहा वेळां वाजवावी. ऐकणाऱ्यानें मिनिटांत तीन वेळां उत्तर द्यावें.

निघतांना घरीं एक चिठ्ठी ठेवावी. वेल्ह्यास किती वाजतां, मुक्काम कोठें (त्याची परवानगी आहे कीं नाहीं हें आधीं विचारून), उतार गुंजवण्याकडे कीं पाली दरवाजानें, आणि किती वाजेपर्यंत खबर न आल्यास ११२ वर कळवावें, हें तींत असावें; कारण दऱ्याखोऱ्यांत मोबाइल पुष्कळदां मुका होतो. ही चिठ्ठी देवघरापाशीं ठेवून न देतां, कोणी बाहेर असलें म्हणजे ज्याला झोंप येत नाहीं अशा माणसाच्या हातीं द्यावी. प्रत्येक घरांत असें एक माणूस असतेंच.