निळे पिंप

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. जमा आणि नावे यांपलीकडे माझी फारशी गती नाही, आणि पोवळे म्हटले की मला आजीच्या अंगठीतला तांबडा खडाच आठवायचा. तेव्हा मी जिवंत पोवळ्यांवर लिहितो आहे हे पाहून प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांनी भुवया उंचावू नयेत. जे घडले ते माझ्या हातून घडले, म्हणून लिहितो आहे.

आमचे घर पेडण्याचे. आई शिरशीची. त्यामुळे घरात वडिलांशी मराठी आणि आईशी कन्नड असा व्यवहार चालतो. चिडल्यावर आई कोणत्या भाषेत बोलेल याचा मात्र नेम नसतो. तिचे थोरले भाऊ, म्हणजे माझे मामा, खाणींच्या भरभराटीत ट्रक घेऊन डिचोलीला आले ते तिथलेच झाले. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मार्च 2018 मध्ये गोव्यातल्या खाणी थांबल्या आणि मामांचा ट्रक अंगणात उभा राहिला. वर्षभर वाट पाहून त्यांनी तो विकला आणि दोन कामे धरली. पावसाआधी कुळागरांतल्या पोफळींवर बोर्डो मिश्रण फवारायचे, आणि एरवी मोरजी-हरमलकडच्या हॉटेलांतल्या माशांच्या टाक्या साफ करायच्या. पहिले काम शिरशीच्या माणसाला शिकवावे लागत नाही. दुसरे ते करता करता शिकले. पुढे एका हॉटेलवाल्याने धंदा गुंडाळला आणि थकलेल्या बिलापोटी आपली खाऱ्या पाण्याची टाकीच मामांना देऊन टाकली.

ती टाकी मामांच्या ओसरीवर आली आणि घरातली माणसे दूरदर्शन पाहायची विसरली. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच; दगड-वाळू वजा जाता दोनशे लिटर पाणी. त्यात दोन नारिंगी मासे आणि मऊ पोवळी. एक चामड्यासारखे जाड, छत्रीच्या आकाराचे, काही अळंब्यांसारखी, आणि बटणांसारखी हिरव्या तोंडांची एक वसाहत. या बटणांच्या अंगात जहाल विष असू शकते, म्हणून मामा हातमोजे घातल्याशिवाय पाण्यात हात घालत नसत. समुद्रातून उचललेले असे त्यांत काही नव्हते. कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे हे सगळे 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे वाघाच्या पंक्तीला आहेत. मामा घरच्याच पोवळ्याचा तुकडा कापून नवे वाढवत आणि दुसऱ्या हौशी लोकांशी अदलाबदल करत.

मऊ पोवळे उघडते म्हणजे काय करते? अंगात पाणी भरून घेते, फुगते, आणि आपल्या पेशींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाला उजेड दाखवते. ते शैवाल उजेडावर जे अन्न तयार करते त्यावर पोवळ्याचा बराचसा संसार चालतो. काही बोचले की पोवळे पाणी सोडून मिटते. दिवस-दोन दिवस मिटले तर चिंता नाही. चामडे तर अधूनमधून अंगावरची मेणचट साय टाकण्यासाठी आठवडाभरही मिटून बसते. पण सगळीच मिटली आणि मिटलेलीच राहिली तर ती उपाशी मरतात. पंचाईत अशी की कारणे डझनभर आणि लक्षण एकच. कोणताही आजार असो, रोगी तोंड मिटूनच बसणार.

गोव्यात पावसाळ्याआधी पुरुमेंत भरतात: मिरची, कोकम, सुके मासे. मामा त्यात समुद्राच्या पाण्याचीही भर घालत. जूनमध्ये नद्या फुगल्या की किनाऱ्याजवळचे पाणी गढूळ आणि पातळ होते, म्हणून मेअखेरीस केरीला तेरेखोलच्या मुखापासून दूर, भर भरतीला पाणी भरून ठेवायचे. गेल्या सुट्टीत हे काम माझ्याकडे आले. कॅन कमी पडले म्हणून मामांच्या पडवीतले एक निळे पिंप मी घेतले. आत पांढुरके-निळसर डाग होते. दोनदा विसळले, भरले, आणि टेंपोतून म्हापसा-अस्नोडा मार्गे डिचोलीला आणून टाकले.

9 जूनला मामांनी पन्नास लिटर पाणी बदलले. 10 तारखेला सकाळी एकही पोवळे उघडले नाही.

मामांनी शिरस्त्याप्रमाणे तपास सुरू केला. खारटपणा लिटरला 35 ग्रॅम, बरोबर. तापमान 27 अंश, तेही ठीक. दिवा तोच, प्रवाह तोच. वीज रात्री दोनदा गेली होती, पण ती तर दर पावसात जाते. दोन दिवसांत सफाई करणारी कोळंबी मेली आणि गोगलगायी काचेवरून गळून वाळूत उलट्या पडल्या. मासे मात्र खुशाल खात होते. मे महिन्यात एका तरुणाने मामांना बटणांचा तुकडा दिला होता. त्याच्यासोबत रोग आला असे मामांनी ठरवले, फोन लावला, आणि त्या मुलाला कन्नड-मराठी मिसळून जे बोलले ते इथे छापता येणार नाही.

टाकीची वही माझ्याकडे असे. "लेक्क बरी, बाबू," म्हणजे हिशेब लिही, असे मामा मला लहानपणापासून सांगत आले आहेत. 12 तारखेला वही चाळताना माझ्याच अक्षरातली नोंद दिसली: '9 जून, 50 लिटर, निळे पिंप.' बाकी सगळ्या नोंदींपुढे 'कॅन' होते. मासे तगतात आणि गोगलगायी मरतात असे करणारे विष म्हणजे तांबे, हे मामांच्याच तोंडून कधीतरी ऐकले होते. आणि बोर्डो मिश्रण म्हणजे मोरचूद आणि चुना. मोरचूद म्हणजे तांबेच.

मी काही बोललो नाही. पोफळीवर फवारण्याआधी मामा मिश्रणात लोखंडी कोयता बुडवून पाहतात. पात्यावर तांबूस थर चढला तर मोकळे तांबे शिल्लक आहे, चुना आणखी हवा. रात्री सगळे निजल्यावर मी तोच कोयता टाकीत धरला. पाते स्वच्छ निघाले. मला इतके हायसे वाटले की लगेच झोप लागली.

सकाळी हिशेब केला. एक टक्का बोर्डो म्हणजे शंभर लिटरला एक किलो मोरचूद. त्यातले पाव तांबे, म्हणजे लिटरला अडीच हजार मिलिग्रॅम. माशांच्या ठिपक्यांच्या रोगावर तांब्याचे औषध देतात ते लिटरला 0.2 मिलिग्रॅमच्या आसपास. तेवढे मासे सोसतात, गोगलगायी आणि पोवळी सोसत नाहीत. दोनशे लिटरला झाले 40 मिलिग्रॅम. म्हणजे बोर्डोचे 16 मिलिलिटर, चहाचे तीन चमचे. एवढ्याला कोयता काय लागणार? आणि डिचोली-सत्तरीच्या पावसातही पोफळीवर टिकून राहावे म्हणून जे बनवतात, ते माझ्या दोन विसळण्यांनी पिंपावरून निघाले असेल ही आशा व्यर्थ होती.

तरी आणखी दोन दिवस गेले. त्या दोन दिवसांत दोनदा त्या मुलाचा फोन आला आणि मामांनी उचलला नाही. 15 तारखेला दुपारी जेवताना मी सांगितले. मामा ताटावरून उठले नाहीत, ओरडले नाहीत. भात संपवला, हात धुतला आणि आधी त्या मुलाला फोन लावला. "चूक आमच्या घरची होती," एवढेच म्हणाले. 'आमच्या घरची' हे शब्द मला आईच्या कन्नड रागापेक्षा जास्त लागले.

म्हापशाहून तांबे तपासायचा संच आणला. रंग फिकट, पण चढला. मग कोळशाच्या पिशव्या, तांबे शोषणारी राळ, आणि पाणी बदलत राहणे. भर जूनमध्ये समुद्राचे पाणी कुठले? आरओच्या पाण्यात विकतचे मीठ, लिटरला 35 ग्रॅम प्रमाणे. ते मी माझ्या शिष्यवृत्तीतून घेतले. मामा नको म्हणाले नाहीत, ते बरे झाले. तांबे दगडांत आणि वाळूत मुरून हळूहळू परत सुटते, म्हणून वाळू सगळी काढून टाकली. बटणांची अर्धी वसाहत विरघळून गेली. ती बुडीत खाती.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात एक अळंबे उघडले. पावसामुळे ओसरीवर अंधार होता आणि ते आधी मामींना दिसले. चामडे मी सुट्टी संपवून परत येईपर्यंत मिटलेलेच होते. त्या तरुणाने बटणांचा नवा तुकडा देऊ केला आहे. गोगलगायी जगल्याशिवाय तो आणायचा नाही, असे मामांनी कळवले.

निळे पिंप अजून पडवीतच आहे. निघण्याआधी मामांनी माझ्या हातात लाल रंग आणि ब्रश दिला. एका बाजूला मी मराठीत लिहिले 'मोरचूद', आणि दुसऱ्या बाजूला कन्नड लिपीत 'मैलुतुत्त'. माझी शाळा मराठी, त्यामुळे 'त्त' चुकला. मामांनी तो पुसून पुन्हा लिहायला लावला.