राजूरच्या डोळ्यांनी एसेन

परक्या शहरात शनिवार-रविवार हाताशी असला की नवखा माणूस चर्च, चौक, राजवाडे गाठतो. वणीजवळच्या राजूरसारख्या कोळशाच्या गावच्या माणसाने मात्र जर्मनीतल्या एसेनमध्ये आधी झोलफेराइनची खाण पाहावी. ती १९८६ मध्ये बंद झाली, २००१ मध्ये जागतिक वारसा ठरली. तिच्या बॉयलरघरात आज डिझाइनचं संग्रहालय आहे. दोन दिवसांत शहर काय कळणार, हा आक्षेप खराच. पण कोळसा ज्याला समजावून सांगावा लागत नाही, तो थेट पुढचं विचारतो: खाण मिटल्यावर कामगारांची मुलं कुठे गेली? (तिकीट काढून आत शिरणाऱ्या कितींना हे सुचतं?) घरचीच काजळी बघायला इतक्या लांब कशाला, असंही कुणी म्हणेल. वणी परिसरात कोळसा अजून निघतोय; तो संपल्यावरचं गाव राजूरला बसून दिसत नाही.